चिकाचा हात

“अंगठा आत घे. आत घे म्हणलं नं तुले, बाहेर काऊन ठेवून राह्यली?”

लग्न होऊन आल्यावर सासूचं पहिलं लांबलचक वाक्य जयवंताबाईने ऐकलं ते म्हशीच्या पोटाखाली. सोनाबाई मागून तिच्यावर वाकली होती, तिच्या तोंडाला तंबाखूचा वास होता आणि तिची काकणं सुनेच्या कानाशी वाजत होती. माहेरी, पैनगंगेच्या पलीकडे, दूध मुठीनं काढत. अंगठा बाहेर, चार बोटं सडाभोवती. या घरची रीत वेगळी. अंगठा दुमडून मुठीत घालायचा आणि त्याच्या पाठीवर सड दाबून ओढायचा. धार जाड येते, कासंडी लवकर भरते. सोनाबाईने सुनेचा अंगठा धरला आणि पान दुमडावं तसा दुमडून ठेवला. तो तसाच राहिला, सकाळ-संध्याकाळ, उन्हाळे-पावसाळे, दोन बाळंतपणं आणि घरातल्या साऱ्या म्हशींच्या वेतांमधून.

घर बोथ या बाजारगावापासून थोडं आत, ज्वारी-कापसाच्या गावात. नवरा उत्तमराव दूध-खवा घेऊन बोथच्या हॉटेलांत आणि पुढे नागपूरच्या सडकेवरच्या धाब्यांवर घालायचा. लोक म्हणत, उत्तमरावाच्या दुधाला पाणी लागत नाही. ते खरं होतं. जे लागत होतं ते दुधात दिसत नव्हतं.

पन्नाशीला आली तेव्हा जयवंताबाईच्या उजव्या अंगठ्याचं मूळ मनगटापाशी चौकोनी होऊन वर आलं होतं. आधी नुसती कळ यायची. मग लुगडं पिळता येईना, कुलपाची किल्ली फिरेना, भाकरीचा तुकडा मोडताना डोळ्यांत पाणी यायचं. बिब्ब्याचा चटका झाला, एरंडाचा पाला बांधून झाला, बोथच्या डॉक्टरची सुई झाली. सुई उतरली की कळ पुन्हा आपल्या जागी येऊन बसायची, घरच्यासारखी. दूध मात्र ती काढतच होती. मोगरी नावाची थोरली म्हैस तिच्याशिवाय कुणाला पान्हवत नसे.

ब्याण्णव सालच्या दिवाळीत तिचा भाऊ भगवानराव आला. तो नागपूरला रेल्वेत होता. ताटावर बसल्या बसल्या त्याने पाहिलं, बहीण भाकरी पायाच्या अंगठ्याखाली दाबून डाव्या हाताने तोडते आहे, पदराआड, कुणाला दिसू नये म्हणून. त्याने जेवण अर्धं सोडलं. उत्तमरावाला तो एवढंच म्हणाला, “पाव्हणे, बाईले मी घेऊन जातो.”

नागपूरचे हाताचे डॉक्टर पाठराबे यांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून समजावलं. अंगठ्याच्या बुडाशी एक लहान हाड असतं, त्यावर अंगठा फिरतो. मधली गादी झिजून गेली, आता हाड हाडावर घासतंय. ते हाड काढायचं आणि तिथे सिलिकॉनचा तुकडा बसवायचा. त्यांनी नमुना तळहातावर ठेवून दाखवला. सुपारीएवढा, पांढरट, मऊ, खाली एक बारीक शेपूट. ती शेपूट अंगठ्याच्या हाडात रोवायची. जयवंताबाईने त्याला बोट लावलं. गार होता, पालीच्या पोटासारखा. अंगावर काटा आला, पण ती हो म्हणाली. तिला स्वतःच्या हाताने घास तोडायचा होता, बस.

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाले, नवं प्लास्टर चढलं, अंगठा आत घेऊन मनगटाच्या वरपर्यंत. डॉक्टरांनी तिला आणि उत्तमरावाला समोर बसवून बजावलं. प्लास्टर इथेच निघेल, माझ्यासमोर. त्यानंतरही तीन महिने पिळणं नाही, दाबणं नाही, दूध काढणं तर नाहीच. मऊ तुकडा आहे, भोवती मांस धरायला वेळ लागतो. आधी जोर दिला तर जागेवरून निसटेल. उत्तमराव दर वाक्याला मान डोलवत होता, कीर्तनात डोलवतात तशी.

गावात आल्यावर घराची जत्रा झाली. ओसरीवर माणसं बसायची आणि उत्तमराव तिला आतून बोलवायचा. ती आली की तिचा हात कोपराशी धरून वर करायचा, बाजारात बैलाचा जबडा उघडून दाखवतात तसा. “फारिनचं हाड हाय,” असं सांगून तो प्लास्टरवर टिचकी मारायचा. आवाज आला की सगळे समाधानानं हसायचे. शेजारची शकुबाई जवळ सरकून विचारून गेली, की माय, ते जनावराचं तं नसंल नं. असंल तं देवघरात जात जाऊ नको. कुणी म्हणालं, रबर आहे तर पावसाळ्यात फुगेल. कुणी उघड्या बोटांची टोकं दाबून पाहिली, वांगं पाहतात तशी. जयवंताबाई खाली मान घालून उभी राहायची. त्या बोटांना तंबाखू, शेण, खोबरेल, काय काय लागलेलं असायचं. आत जाऊन ती डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं धूत बसायची. वास जायचा नाही.

जेवायला तिला भिंतीकडे तोंड करून बसवत. डाव्या हाताने खाणारं माणूस पंगतीत नको, असं सोनाबाईचं म्हणणं. ती ताट सरकवायची तेही पायाने नाही, पण जवळजवळ तसंच.

दूध सध्या उत्तमराव काढत होता, दुसऱ्या म्हशीचं, काजळीचं. मोगरी गाभण होती, आटलेली. प्लास्टर निघायची तारीख आठवड्यावर आलेली असताना ती व्यायली.

या घरची आणखी एक रीत होती. म्हैस व्यायली की पहिला चीक शिवेवरच्या पोशम्मा देवीचा. तो घरच्या सुनेनेच काढायचा, उजव्या हाताने. पुरुषाचा हात चालत नाही, डावा चालत नाही, बाहेरच्या बाईचा तर नाहीच. त्या चिकाचा खरवस देवीला गेला की मग घरात, मग गावात. उत्तमराव एकुलता एक, त्याला दोन्ही मुलीच, त्याही सासरी गेलेल्या, म्हणजे सून एकच. सोनाबाईचे स्वतःचे अंगठे कधीच गेले होते. दोन्ही मुळाशी वाकडे, वाळल्या आल्यासारखे. ती त्यांच्याकडे कधी पाहत नसे आणि कुणी पाहिलेलं तिला आवडत नसे.

जयवंताबाई म्हणाली, आठ दिवस थांबा, डॉक्टरला विचारू. सोनाबाई म्हणाली, चीक थांबते का. मग आडून आडून एक तोड निघाली. शकुबाईला आतल्या दाराने आणलं, तिला जयवंताबाईचं लुगडं नेसवलं आणि डोक्यावरून पदर ओढून म्हशीखाली बसवलं. देवीला आणि म्हशीला एकदमच फसवावं, असा बेत. देवीचं माहीत नाही, मोगरीने एक लाथ झाडली आणि पान्हा वर ओढून घेतला. शकुबाई मांडी चोळत, लुगडं परत करून, हसत हसत घरी गेली. जाताना म्हणाली, “तुमची म्हैस तं लुगड्यातली बाई वळखते वं सोनाबाई. माह्या नवऱ्याले अजून नाई जमत.”

त्या हसण्यात उत्तमराव आत गेला आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन आला. कुणी काही ठरवल्याचं जयवंताबाईने ऐकलं नाही. तिला ओट्यावर बसवलं, हात घमेल्यात बुडवला. प्लास्टर भिजून पाण्यात पांढरा गाळ सुटला. उत्तमरावाने म्हशींचे केस कापायची कात्री घेतली आणि कडेकडेने कापत गेला, जपून, जिभेचं टोक दातांत धरून. पिकलं सीताफळ उकलावं तशा दोन फाका झाल्या.

तो हात तिचाच होता. पांढरा, सुरकुतलेला, सालपटं सुटलेली. मुळाशी टाक्यांची गुलाबी रेघ, कातडीखालून वळवळत गेलेल्या गांडुळासारखी. वास आला, बंद पेटाऱ्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा. तिला वाटलं, हे पाहून तरी कुणी थांबेल. सोनाबाईने हळद लावली. उत्तमरावाने कासंडी पुढे सरकवली.

“दोन धारा काढ. देवीपुरत्या,” तो म्हणाला. “मंग बांधून देतो.”

ती बसली. हेच तिला पुढे कळेना, की ती बसली कशी. कुणी ढकललं नव्हतं. म्हशीच्या पोटाची ऊब गालाला लागली आणि तिच्या तोंडातून रोजची ओवी आपोआप निघाली, मोगरीला ऐकवायची:

*मोगरी माझी म्हैस, उभी गोठ्याच्या दाराला*
*पान्हा फुटला गं बाई, माझ्या हाताच्या वाराला*

आणि मोगरीने पान्हा सोडला. कास तटतटली, सड भरून आले. जयवंताबाईने अंगठा बाहेर ठेवून पाहिला, मुठीनं, माहेरच्यासारखा. बोटांत जोरच नव्हता, महिन्याहून जास्त पडून होती ती. मग अंगठा आपला आपण आत गेला. चीक आला, पिवळा, घट्ट, मधासारखा ताणून पडणारा. दोन धारांच्या चार झाल्या, कासंडीचा तळ झाकला, मागे सोनाबाई म्हणत होती, आणखी थोडा, आणखी थोडा, गावाले पुरला पाह्यजे. अन् मग अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी सरकलं. ओल्या हातातून साबणाची वडी निसटते तसं, मऊ, बिनआवाज. कळ पुष्कळ मागून आली. तेवढ्या वेळात तिने आणखी एक धार काढली.

चुलीवर खरवस झाला. गूळ, विलायची, वर जायफळ. नैवेद्य शिवेवर जाऊन आला आणि ओसरी पुन्हा भरली. ताटलीत खरवसाच्या वड्या लदलद हलत होत्या. माणसं बोटं चाटत होती. उत्तमरावाच्या मिशीला पिवळा कण लागून राहिला होता आणि तो सांगत होता, की ऑपरेशन कसं पास झालं, त्याच हाताने आज चीक काढला, पाहा. लोकांनी माना हलवल्या. मग त्याने एक वडी उचलली आणि सगळ्यांसमोर, कौतुकाने, बायकोच्या तोंडात घातली. लग्नातसुद्धा त्याने तिला असा घास भरवला नव्हता. ओसरीवर हशा उसळला.

ती वडी तिने गालात धरून ठेवली. गोड होती, कोमट होती आणि तिच्या हाताचाच वास तिला होता. सगळं हसून झाल्यावर ती गोठ्यामागे गेली आणि थुंकली. मग बोट घालून उरलंसुरलं काढलं. घोटभर पाण्याने खळखळून चूळ भरली, तरी तो पिवळेपणा दातांवर साय धरून बसलाच.

उत्तमरावाने शब्द पाळला, बांधून दिलं. प्लास्टरच्या दोन फाका हातावर पुन्हा बसवल्या, धोतराची पट्टी गुंडाळली आणि ती सुटू नये म्हणून वरून तांदळाच्या पेजेची खळ चोपडली. सुकल्यावर डॉक्टरांच्या प्लास्टरसारखंच दिसतं, असं म्हणून तो मागे सरून पाहत राहिला.

खळ आंबली. मुंग्या आल्या, बारीक, लाल. त्या पट्टीच्या एका कडेनं आत जायच्या आणि दुसरीकडून यायच्या, आत घरचं काम असल्यासारख्या. आत काहीतरी ओलं झालं होतं. तिने हात झटकला तर मुंग्यांपेक्षा कळच जास्त उठे. भाकरी भाजताना, अंथरुणावर, देवासमोर, सगळीकडे तो वास तिच्या सोबत असायचा. नासलेला भात, हळद आणि आणखी काहीतरी जे तिला ओळखायचं नव्हतं. नागपूरला चला, असं तिने एकदा म्हणून पाहिलं. तारखेला जाऊच की, असं उत्तर मिळालं. सोनाबाई तर नाकाला पदर लावून म्हणाली, “अंगाले वास मारून राह्यला वं तुह्या. आंघोळ करत जाय.”

तेव्हा जयवंताबाईला पहिल्यांदा कळलं की दुखण्यापेक्षा वेगळं असं काहीतरी आपल्याला होतंय. राग असता तर ती भांडली असती. ही किळस होती. सासूच्या नाकावरच्या पदराची, नवऱ्याच्या मिशीची, चाटलेल्या बोटांची. आणि सगळ्यांत जास्त स्वतःची, जी बसली, जिने गाणं म्हटलं.

तारखेला नागपूरला निघताना सोनाबाईने तिला दाराशी थांबवलं. घरातलं बाहेर सांगायचं नसते, एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या वाकड्या अंगठ्यांनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं. बसमध्ये उत्तमरावाने तिला खिडकीची जागा दिली, वास बाहेर जावा म्हणून. वाटेत तो तिला शिकवत होता. न्हाणीत पाय घसरला. हातावर पडली. प्लास्टर फुटलं, म्हणून घरी बांधलं. त्याने तिच्याकडून म्हणून घेतलं आणि ती म्हणाली, शाळेतल्या पोरीसारखी, बाहेर पळणाऱ्या सागाच्या झाडांकडे पाहत.

भगवानराव दवाखान्याच्या दाराशी उभा होता. त्याला वास आधी आला, बहीण मागून दिसली.

डॉक्टर पाठराब्यांनी पट्टी सोडली. पांढऱ्या चादरीवर मुंग्या सांडल्या, त्यांच्या मागून प्लास्टरच्या दोन फाका. खळीचे पापुद्रे हाताला चिकटून होते, रेघेच्या एका टोकाशी पिवळं पाणी आलं होतं, आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला, सुपारीएवढं एक टेंगूळ कातडीखालून वर आलं होतं. नर्स बाजूला वळली. डॉक्टरांनी तो हात धुतला, स्वतः, कोमट पाण्याने, बोटाबोटांमधून. कितीतरी दिवसांनी त्या हाताला कुणी असा हात लावला होता. मग त्यांनी विचारलं, काय झालं.

उत्तमरावाने न्हाणीतला पाय घसरवला. चांगला घसरवला, साबण, ओली फरशी, सगळं होतं त्यात. घरी न्हाणीला फरशी नव्हती. डॉक्टरांनी फोटोला पाठवलं.

फोटो निघेपर्यंत तिघं बाकावर बसली. भगवानराव मेव्हण्याशी बोलत नव्हता म्हणून उत्तमरावच बोलत होता. आता दुसरा तुकडा घालतील, म्हणत होता, जास्त पक्का. सायन्स किती पुढे गेलं. आणि मग, दिवस किती चांगले येऊन राहिलेत हे सांगावं तशा सुरात, “काजळीही गाभण हाय बापा. उन्हाळ्यात येईल वियाले.”

जयवंताबाईने ते ऐकलं. तिच्या तोंडात तीच वडी पुन्हा आली, गोड, कोमट. तिने पदर तोंडावर दाबला.

आत डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. तुकडा जागेवर नव्हता, शेपूट हाडातून निघून आडवी झाली होती. ते म्हणाले, आधी पाणी यायचं थांबवू, औषधं देऊ, ते नीट झालं की पुढचं. दोन वाटा आहेत. एकदाच पडल्यामुळे निसटला असेल, तर जरा मोठा तुकडा घालून, भोवतीचं मांस शिवून घट्ट बसवता येईल. अंगठ्याला जोर येईल. पण कामाच्या दाबाने निसटला असेल, तर दुसराही तसाच निघेल, आणि तेव्हा हाड फोडून निघेल. तसं असेल तर मग काहीच घालायचं नाही. हा काढून टाकायचा आणि मनगटातली स्नायूची एक दोरी वळून त्या पोकळीत ठेवायची. अंगठा जरा आखूड होईल, जोर कमी राहील, जड काम कधीच व्हायचं नाही. पण दुखणार नाही.

“म्हणून मला खरं काय ते कळायला हवं,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही सांगा.”

“सांगितलं नं साहेब, न्हाणीत,” उत्तमराव म्हणाला. “तुमी तो मोठावालाच घाला. चांगला पक्का. हिले काम पडते हातानं.” आणि त्याने बायकोच्या खांद्यावर थोपटलं, मोगरीच्या पाठीवर थोपटायचा तसं, मायेनं, बोटं पसरून.

खोलीत औषधाचा वास होता, चांगला, झणझणीत. पहिल्यांदाच तिला तिच्या स्वतःच्या हाताचा वास येत नव्हता. भगवानराव दाराशी उभा राहून तिच्याकडे पाहत होता. नर्स चादरीवरच्या मुंग्या झटकत होती आणि एकेक मुंगी पुन्हा उठून चालू लागत होती.

जयवंताबाईने नवऱ्याचा हात खांद्यावरून काढला. डाव्या हाताने, दोन बोटांत धरून, अंगावर पडलेलं काहीतरी उचलावं तसा, आणि त्याच्या मांडीवर ठेवून दिला.

“मी न्हाणीत नाही पडली, डाक्टरसायेब,” ती म्हणाली. आवाज साधा होता, दुधाचा हिशेब सांगावा तसा. “यायनं पाण्यात भिजवून कातरीनं कापलं ते, अन् मले म्हशीखाली बसवलं. चीक पाह्यजे होता. मी बसली. काढतानीच सरकलं ते, मले कळलं होतं, तरी मी काढत राह्यली. मंग सगळ्यायनं खरवस खाल्ला, अन् मले वाटलं मी सांगू नाही. लाज वाटे. आता नाही वाटत.”

उत्तमराव काहीतरी म्हणायला उठला. भगवानरावाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बसला.

“तो दुसरा घालू नका,” ती म्हणाली. “पक्का असंल तं अजिबात घालू नका. तो माह्यासाठी नाही मागून राह्यले हे.”